चिडाच्या रानात बुडालेली शेतं

उत्तराखंडच्या मधल्या डोंगरांत चिडाचं, म्हणजे हिमालयातल्या पाइनचं, रान पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं दिसलं, तर आपण शेतात उभे आहोत असं खुशाल समजावं. पालापाचोळा बाजूला केला की दगडी गडगा सापडतो. गडग्यावर चार-पाच हात रुंद सपाटी, तिच्या टोकाला दुसरा गडगा, मग पुन्हा सपाटी. हा डोंगर कुणीतरी कापून, दगड वेचून, पाठीवरून माती आणून सपाट केला आहे. या पायऱ्यांवर मडुवा पिकायचा, म्हणजे आपली नाचणी. भगरीसारखा झंगोरा, भट, म्हणजे काळं सोयाबीन, आणि गहत, म्हणजे कुळीथ, हीही इथली पिकं. आज त्याच पायऱ्यांवर मनगटाएवढ्या बुंध्याचे चीड उभे आहेत.

लांबून पाहणाऱ्याला हे दृश्य सुखावतं. माणूस गेला आणि जंगल परतलं, असं वाटतं. पण या हिरव्या रंगामागे शंभर-सव्वाशे वर्षांचे सरकारी निर्णय, ओस पडलेली घरं आणि आटलेले झरे आहेत. ते समजून घ्यायचं तर मळलेली वाट सोडून, आणि शक्यतो पावसात, तिथून चालावं लागतं. पाणी कुठे मुरतं आणि कुठून पळतं हे उन्हाळ्यात दिसत नाही.

पिरूलवरून चालताना

अल्मोडा जिल्ह्यातल्या अशा एका डोंगरावर आम्ही दहाबारा जण आषाढाच्या तोंडावर गेलो होतो. बहुतेक पुण्या-ठाण्याचे, सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेले. सोबत गावातले एक दाज्यू होते. कुमाऊँत थोरल्या भावाला आणि वयाने मोठ्या पुरुषाला दाज्यू म्हणतात. निघण्याआधीच त्यांनी बजावलं होतं, की पाऊस वाढला तर गधेऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पात्रात कुणी उतरायचं नाही आणि भेगा पडलेल्या उताराखाली थांबायचं नाही. जीपचा रस्ता सोडून आम्ही सरळ रानात शिरलो.

चिडाची वाळलेली पानं म्हणजे पिरूल. वीतभर लांबीच्या या सुया तीन-तीनच्या जुडग्याने वाढतात आणि उन्हाळ्यात ढिगाने गळतात. पावसात भिजलेल्या पिरूलवर सह्याद्रीतला सरावही कामी येत नाही. दगडावर शेवाळ असेल तर डोळ्यांना दिसतं, इथे सगळा उतारच एकसारखा तांबूस आणि निसरडा. दाज्यूंनी पाय आडवे टाकायला सांगितलं आणि आधाराला झाडाचं खोड वरच्या बाजूने धरायला शिकवलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन याच उतारांवरून रोज ये-जा करणाऱ्या बायका घसरून जायबंदी होतात, कधी जिवानिशी जातात, असं ते म्हणाले.

पाऊस सुरू होऊन तासभर झाला होता. एका जागी खाली बसून मी पिरूलचा थर हाताने उचकटला. वरच्या सुयांतून पाणी निथळत होतं. बोटभर खालच्या सुया नुसत्या दमट होत्या आणि त्याखालची माती जवळजवळ कोरडी. सगळ्या सुया उताराच्या दिशेने एकावर एक पडलेल्या असल्याने छपरावरच्या गवतासारखं पाणी वरच्या वर खाली सरकत होतं. शेजारच्या खोडांना कमरेएवढ्या उंचीपर्यंत काजळी होती. महिन्याभरापूर्वी इथे वणवा येऊन गेला होता आणि त्यानंतर गळलेल्या सुयांनी जमीन पुन्हा झाकली होती.

चीड अशा आगीला सरावलेला आहे. त्याची जाड, खवल्यांची साल आतल्या जिवंत भागाला झळ लागू देत नाही. पंखवाल्या हलक्या बिया उन्हाळ्यात सुटतात, वाऱ्यावर लांब जातात आणि पाऊस पडताच उघड्या मातीत रुजतात. रोपाला भरपूर ऊन हवं असतं. सोडून दिलेलं शेत त्याला सगळं आयतंच देतं. तिथे माती मोकळी असते, वर सावली नसते, नांगर फिरत नाही आणि गुरंही चरत नाहीत.

चीड इतका का पसरला

चीड हा परका वृक्ष नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. पाइनस रॉक्सबर्घाय हे त्याचं शास्त्रीय नाव. हिमालयात साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवर तो मुळापासून आहे. कोरड्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या, मुरमाड उतारावर दुसरं झाड तग धरत नाही तिथे तो उभा राहतो. प्रश्न त्याच्या विस्ताराचा आहे आणि त्या विस्ताराला इतिहास आहे.

१८१५ मध्ये गोरख्यांना हरवून इंग्रजांनी कुमाऊँ घेतलं. १८२३ च्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात ट्रेल या कमिशनरने गावांच्या शिवा ठरवल्या. ते विक्रम संवत १८८० होतं, म्हणून डोंगरात त्याला ‘अस्सी साल’चा बंदोबस्त म्हणतात. त्या शिवांच्या आत शेतांसोबत रान, कुरण आणि पाणीही होतं. पुढे ऑक्टोबर १८९३ मध्ये सरकारने मोजणी न झालेली सगळी जमीन संरक्षित वन म्हणून जाहीर केली. १९११ ते १९१७ दरम्यान मोठाले पट्टे राखीव करून चराई, फांदीतोड आणि वणवे यांवर कडक निर्बंध घातले.

गावाला गरज होती बांजची. हा हिमालयातला ओक. त्याचा पाला गुरांना चारा होतो, गोठ्यात अंथरला की खत होतो आणि लाकूड सरपणाला उत्तम. सरकारी हिशेबात मात्र किंमत चिडाला होती. त्याच्या खोडाला घाव घालून लीसा काढला जाई आणि त्या राळेपासून टर्पेंटाइन व रोझिन बनत. लाकडावर रसायनाची प्रक्रिया करून रेल्वेचे स्लीपर करता येऊ लागले. वनखात्याने चीड राखला आणि वाढवला. गावकऱ्यांच्या वाट्याला उरलेल्या बांजवर चाऱ्याचा आणि सरपणाचा सगळा भार पडला. सतत फांद्या छाटलेला बांज खुरटत गेला आणि त्याच्या जागी ऊन शिरलं तसा चीडही शिरला.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने कुली-बेगारीच्या, म्हणजे सक्तीच्या हमालीच्या, वह्या शरयूत बुडवण्यात आल्या. त्याच उन्हाळ्यात कुमाऊँची राखीव जंगलं पेटली. रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वूड्स’ या १९८९ च्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे. लोकांच्या रोषाला बळी पडली ती मुख्यतः चिडाची रानं, रुंद पानांची जंगलं त्यांनी वाचवली. या असंतोषानंतर सरकारने चौकशी समिती नेमली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावाने सांभाळलेली अशी वनं आजही उत्तराखंडात आहेत.

नैनीतालच्या कुमाऊँ विद्यापीठात जे. एस. सिंह आणि एस. पी. सिंह यांनी चीड आणि बांज या दोन वनांचा अनेक वर्षं अभ्यास केला. चिडाच्या सुयांमध्ये कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी असतं. त्या कुजवताना सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्रही वापरून टाकतात. नत्राची जास्त गरज असणाऱ्या बांजच्या रोपाला मग तिथे परत येणं अवघड जातं. म्हणजे चीड एकदा बसला की आपल्या सोयीची जमीन तयार करत जातो, आणि वरचेवर लागणारे वणवे त्याच्या पथ्यावरच पडतात.

सोडलेलं शेत कसं ओळखायचं

दाज्यूंनी एका कोवळ्या चिडापाशी थांबून आम्हाला फांद्यांचे फेरे मोजायला लावले. चिडाला खोडाभोवती चक्राकार फांद्या फुटतात आणि साधारणपणे वर्षाला एक फेरा धरला तर झाडाचं वय अंदाजाने सांगता येतं. सर्वांत वरच्या पायऱ्यांवरची झाडं मोजण्याच्या पलीकडे गेली होती, मधल्या पायऱ्यांवर पंधरा-सोळा फेरे होते आणि खाली घरांजवळ सहा-सात. यातून एक क्रम उलगडत होता. माणसं एका रात्रीत गेलेली नव्हती. आधी लांबचं, चढावरचं शेत सुटलं, मग मधलं, आणि शेवटी परसातलं.

पुढे गुडघाभर खाजकुयलीसारखं काहीतरी लागलं आणि दोघांच्या पोटऱ्या भाजल्या. ते सिसूण होतं, गढवालात त्याला कंडाली म्हणतात. “इथे गोठ असणार,” दाज्यू म्हणाले. सिसूणला नत्राने भरलेली जमीन आवडते, म्हणून जिथे वर्षानुवर्षं शेण-मूत मुरलं तिथे ते माजतं. काही पावलांवर खरोखरच घर निघालं. खालचा मजला गुरांचा, वरचा माणसांचा. पटालांचं, म्हणजे दगडी पाट्यांचं, छप्पर मधोमध बसलेलं. दाराच्या चौकटीवर नक्षी शाबूत होती आणि अंगणात अक्रोडाचं आणि दाडिमाचं, म्हणजे डाळिंबाचं, झाड होतं. दाज्यूंनी आम्हाला एकही दाडिम तोडू दिलं नाही. मालक दिल्लीत असला तरी झाड त्याचंच, असं ते म्हणाले.

अशा घरांचे आकडे नोंदलेले आहेत. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या ६,३०,५६७ वरून ६,२२,५०६ वर आली आणि पौडी गढवालची ६,९७,०७८ वरून ६,८७,२७१ वर. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. २०१७ मध्ये राज्य सरकारने पलायन आयोग नेमला. त्याच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर आणखी ७३४ गावं निर्मनुष्य झाली होती. गाव सोडण्याचं कारण म्हणून सुमारे निम्म्या प्रकरणांत रोजगाराचा उल्लेख होता, सुमारे १५ टक्क्यांत शिक्षणाचा आणि सुमारे ९ टक्क्यांत आरोग्याचा. शेत पिकत नाही म्हणून माणूस गेला, एवढंच हे सरळ नाही. मुलांची शाळा, बाळंतपणाला दवाखाना, रानडुकरांनी एका रात्रीत उकरलेला बटाटा, हे सगळं एकत्र येतं आणि एक दिवस घराला कुलूप लागतं.

पाणी काय सांगतं

दुपारी पावसाचा जोर वाढला आणि ज्यासाठी आलो होतो ते समोर दिसू लागलं. ज्या पायऱ्यांचे गडगे शाबूत होते तिथे पाणी सपाटीवर पसरून थांबत होतं आणि दगडांच्या फटींतून स्वच्छ होऊन खाली झिरपत होतं. जिथे गडग्याचे दोन-चार दगड निखळले होते तिथे सगळ्या सपाटीचं पाणी त्या एका खिंडाराकडे धावत होतं. खालच्या गडग्यावर ते आदळत होतं, तिथेही दगड सुटत होते. लाल गढूळ पाण्याची घळ एकाखाली एक पाच-सहा शेतं फोडत गेली होती. दरवर्षी पावसाआधी निखळलेला दगड जागेवर बसवणारं माणूस नसलं, की पिढ्यांची माती अशी वाहून जाते. गडग्याच्या कडेला उगवलेल्या चिडाची मुळं दगड धरण्याऐवजी उचकटतात, हेही तिथे दिसलं.

डोंगराच्या उत्तर अंगाला वनपंचायतीचा बांजचा तुकडा होता. तिथे शिरताच पायांखालचा आवाज बदलला. पाऊल मऊ काळ्या मातीत रुतत होतं, खोडांवर शेवाळ आणि नेचे होते, आणि जळवांनीही लगेच हजेरी लावली. तासन्‌तास पाऊस पडूनही जमिनीवर वाहणारं पाणी जवळपास नव्हतं. त्या तुकड्याच्या खाली गावाचा नौला होता, चार दगडी खांबांवर छप्पर असलेला छोटा पायऱ्यांचा झरा. यात पाणी होतं. ओस वाडीच्या वरच्या नौल्यात फक्त पाला आणि चिखल होता. दोन नौल्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, कारण झऱ्याचं पाणी खडकांच्या रचनेवरही अवलंबून असतं. पण निती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत असल्याची नोंद आहे. पाणी मुरवणारी जमीन राखणं ही तिथे जगण्यामरण्याची बाब झाली आहे.

कोकणातून पाहताना

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. मनिऑर्डरवर चालणारी घरं दोन्हीकडे होती, फक्त कोकणाची मनिऑर्डर मुंबईहून यायची आणि कुमाऊँ-गढवालची बहुधा पलटणीतून किंवा दिल्लीहून. आपल्याकडे पड टाकलेल्या वरकस जमिनीत रानमोडी आणि घाणेरी माजते, तिकडे अशाच उपऱ्या झुडपांच्या मागोमाग चीड येतो. सामाईक सातबाऱ्यावर बारा-पंधरा नावं असली की एकालाही जमीन नीट कसता येत नाही, हे कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. उत्तराखंडात तेच दुखणं ‘गोल खाता’ या नावाने आहे. चार ठिकाणी विखुरलेले टीचभर तुकडे, एकत्रीकरण रखडलेलं, आणि राखण करायची म्हटली तर शेजाऱ्याचं शेत पड.

काय करता येतं

या डोंगरांत निराशेपेक्षा काम जास्त दिसतं, आणि ते लोकांनी केलेलं आहे. पौडीतल्या उफरैंखाल भागात सच्चिदानंद भारती या शिक्षकांनी दूधातोली लोकविकास संस्थानाच्या माध्यमातून गावकऱ्यांना, विशेषतः महिला मंगल दलांना, सोबत घेऊन उतारांवर हजारो छोटे खड्डे खणले. चाल-खाल ही पाणी मुरवण्याची जुनी रीत त्यांनी पुन्हा उभी केली. खड्ड्यांभोवती झाडं लावली, रान राखलं, आणि कोरडा पडलेला ओढा वाहू लागला. लोकांनी त्याला गाडगंगा असं नाव दिलं. बेरीनागजवळ अवनी या संस्थेने पिरूल गोळा करून त्यापासून वीजनिर्मिती करून दाखवली. पिरूलला भाव मिळाला तर वणव्याचं इंधन कमी होतं आणि गावातल्या बाईच्या हाती पैसा येतो. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून मेले. त्यानंतर पिरूल हा किरकोळ विषय राहिलेला नाही.

सगळी शेतं पुन्हा पिकतील असं मला वाटत नाही, आणि तसा आग्रह धरण्याचा हक्क शहरातून आलेल्या कुणालाही नाही. जे गेले ते चांगल्या आयुष्यासाठी गेले. पण कुठली जमीन रानाला द्यायची, कुठली चाऱ्याला, कुठल्या पायऱ्यांवर अक्रोड आणि कुठल्या नौल्यावर बांज लावायचा, हे ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा पैसा गावात उरलेल्यांच्या हाती हवा. १८९३ पासून हा निर्णय बहुतेक वेळा बाहेरूनच झाला आहे. चिडाला दोष देऊन तो बदलणार नाही. जमिनीचं एकत्रीकरण, वनपंचायतीला खरे अधिकार, झऱ्यांच्या पाणलोटाची राखण आणि चालणारे शाळा-दवाखाने, या चार गोष्टींनी बदलेल.

महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य गिर्यारोहक काठगोदाम आणि ऋषिकेशमार्गे बर्फाळ खिंडींकडे जातात. ही मधली गावं त्यांना जीपच्या खिडकीतूनच दिसतात. त्यांनी परतताना दोन दिवस इथे थांबावं, गावातल्या घरात राहावं, मडुव्याची भाकरी खावी, तिथल्याच वाटाड्यासोबत चिडाच्या रानातून चालावं आणि त्या सगळ्याचे रास्त पैसे मोजावेत. आपण ज्याला जंगल म्हणतो त्यातलं किती कुणाच्या आजोबांनी बांधलेलं आहे, हे तिथे समजतं. ते समजलेला माणूस आपल्या गावच्या पड शेताकडे, सामाईक सातबाऱ्याकडे आणि आटत चाललेल्या विहिरीकडेही जबाबदारीने पाहू लागेल, अशी माझी खात्री आहे.