खिचडीची 'खचिडी' कशी झाली?

मागच्या टर्मला आमच्या मेस कमिटीने रोज उरलेल्या अन्नाचं वजन करायचं ठरवलं. त्याचा ग्राफ हॉस्टेलच्या वेबपेजवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रोज नवा ग्राफ काढून अपलोड कोण करणार? म्हणून मी सर्व्हरलाच चित्र काढायला लावलं.

यात जादू काही नाही. ब्राउझर फक्त एक पत्ता मागतो. तिथे चित्राची तयार फाइल आहे की पीएचपी स्क्रिप्ट, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. स्क्रिप्ट डेटाबेसमधून आकडे घेते. थॉमस बॉटेल यांनी १९९४ मध्ये आणलेली जीडी लायब्ररी मेमरीतल्या कोऱ्या कॅनव्हासवर खांब रंगवते. मग आधी हेडर पाठवायचा, 'कन्टेन्ट-टाइप: इमेज/पीएनजी', आणि त्यामागून चित्राचे बाइट्स. पीएनजीचे पहिले ८ बाइट ठरलेले असतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक रिकामी ओळ जरी राहिली, तरी चित्राऐवजी फुटकी चौकट दिसते!

सगळं जमलं. आणि खांबांखाली नावं आली: 'खचिडी', 'पठिलं', 'मसिळ'. सर म्हणाले, "कॉन्व्हेंटची ना तू? तरीच!" मी कोड तीनदा तपासला. तिथे 'खिचडी'च होती.

गोम अशी की, ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. वेबपेजवर तिला जागेवर आणणं, जोडाक्षरं जुळवणं हे ब्राउझर गुपचूप करतो. चित्रात मात्र अक्षर अक्षर राहत नाही, नुसते ठिपके होतात. आमच्या सर्व्हरवरच्या जीडीने आलेल्या क्रमाने आकार मांडले: ख, वेलांटी, च. वेलांटी गेली 'च'ला चिकटून. जोडाक्षरांचेही पाय मोडले.

उपाय सोपा निघाला. तीच स्क्रिप्ट आता एसव्हीजी पाठवते. एसव्हीजी म्हणजे ठिपके नव्हेत, तर चित्र कसं काढायचं हे सांगणारा मजकूर. हेडर बदलला, 'इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल'. नावं मजकूर म्हणूनच ब्राउझरपर्यंत जातात आणि वेलांटी तोच नीट बसवतो.

तर मंडळी, सगळ्यात उंच खांब खिचडीचाच आहे. आता नाव स्पष्ट वाचता येतं, त्यामुळे 'ग्राफच चुकलाय' म्हणायची सोय राहिलेली नाही. ताटात जरा बेतानं वाढून घ्या!