पेव मेलेलं नसतं, निजलेलं असतं

कळव्यातल्या कितीतरी इमारतींमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एक ओला पट्टा असतो. ऊन जेमतेम दोन-तीन तास, पावसाळाभर चिखल. ‘इथे काही येणार नाही’ म्हणून शेवटी तिथे फरशी बसवतात. पेव हे रानातलं फुलझाड नेमकं अशाच जागी जोमाने वाढतं. येऊरच्या जंगलात आणि कोकणात ओढ्याकाठी ते आपसूक उगवतं. उंची सहा ते नऊ फूट, पानं गोल जिन्यासारखी दांड्याभोवती चढत गेलेली. ऑगस्टच्या सुमारास शेंड्यावर लाल बोंड धरतं आणि त्यातून एका वेळी एक-दोन पांढरी फुलं उमलतात. फूल एका दिवसाचं, पण बहर कित्येक आठवडे चालतो.

पेवाचा सर्वांत मोठा घात होतो तो हिवाळ्यात. पानं पिवळी पडतात, दांडे वाळतात आणि ‘झाड गेलं’ म्हणून कुंडी रिकामी केली जाते. खरं तर जमिनीखाली कंद जिवंत असतो. वाळके दांडे कापा, पाणी जवळजवळ बंद करा आणि कंद मुळीच उकरू नका. पहिल्या पावसाबरोबर कोंब वर येतात.

दुसरी भीती भुंग्याची. काळाभोर, निळसर पंखांचा, मोठ्याने गुणगुणणारा भुंगा खिडकीशी आला की लोक फवारणीची बाटली शोधतात. पेवाच्या रुंद फुलात शिरून परागकण वाहून नेणारा मुख्य पाहुणा तोच. नराला नांगी नसते. मादीला असते, पण हातात धरल्या-दाबल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही. बोंडावर मुंग्याही दिसतील. त्या फुलाबाहेर पाझरणाऱ्या गोड रसासाठी येतात, कीड म्हणून नव्हे. कीटकनाशक मारलं तर मुंग्यांबरोबर भुंगाही जाईल.

ओल म्हणजे डास, हेही खरं नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, ओलसर मातीत नाही. कुंडीखालची थाळी मात्र काढून टाका.

कुणी पेवालाच ‘इन्सुलिनचं झाड’ समजून पानं खातात. त्या नावाने विकलं जाणारं, नारिंगी फुलांचं झुडूप पेवाच्या कुळातलं असलं तरी मूळचं ब्राझीलचं. मधुमेहाच्या गोळ्या यातल्या कशाच्याही भरवशावर सोडू नयेत.

आणि फुलपाखरांसाठी म्हणून रिकाम्या जागेत कॉसमॉसचं बी उधळू नका. ते मेक्सिकोचं, आणि आपल्या डोंगरउतारांवर बेफाम पसरून इथल्या रानफुलांची जागा खातं.

कंद मिळवायचा तर ज्यांच्याकडे पेव आहे त्यांच्याकडून मे-जूनमध्ये डोळा असलेला तुकडा मागून घ्या. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून रोप उपटणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तुकडा शेणखत मिसळलेल्या मातीत दोन इंच खोल लावा आणि शेजारी हातभर जागा सोडा, कारण पेव दरवर्षी बाजूला सरकत पसरतं.