साबुदाण्याच्या खिचडीत दडलेला जगाचा नकाशा: मुलांना इतर संस्कृती घरीच कशा शिकवायच्या?

जगातल्या संस्कृतींची ओळख म्हटलं की पृथ्वीगोल, झेंड्यांचे तक्ते आणि परदेशी सहली आठवतात. नागपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या बुटीबोरीत यातलं काहीही नसलं तरी चालतं. इथे एमआयडीसीमुळे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा अशा अनेक राज्यांतून लोक कामासाठी आले आहेत. त्यामुळे शिकवण्याचं साहित्य घरात आणि शेजारीच आहे.

प्रश्न फक्त सामान्यज्ञानाचा नाही. पन्नास देशांचे झेंडे पाठ असलेलं मूल शेजारच्या मुलाला त्याच्या बोलण्यावरून चिडवत असेल, तर ते जगाबद्दल फार काही शिकलेलं नाही.

सुरुवात ताटापासून

साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते, म्हणजे ती अगदी आपली, जुनी. पण तिच्यातले जिन्नस पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, शेंगदाणा आणि बटाटा हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गेल्या पाचशे वर्षांत ही पिकं भारतात आली आणि इथलीच झाली. आज नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे.

खिचडी करताना नकाशा उघडून मुलाला एकेक जिन्नस शोधायला लावला, तर 'आपलं' आणि 'परकं' यांतली रेघ किती पुसट असते हे त्याला न सांगता कळतं.

मग शब्दांचा खेळ

पाव, बटाटा, चावी, काजू हे शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले. शहर, बाजार, जमीन फारसीतून आले. 'चहा'चं मूळ चीनमध्ये आहे, तर 'रिक्षा' जपानी शब्दापासून बनला. रोज एक शब्द घेऊन तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधायचा आणि मग शब्दकोशात पाहायचं. याला एक रुपयाही लागत नाही.

सणांची जोडी लावा

परका सण नुसता सांगितला की मुलांना तो गंमत वाटतो. आपल्या सणाशी जोडला की तो समजतो.

- पोळा: विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात. छत्तीसगडमध्ये याच सणाला मुलांना मातीचे बैल देतात.
- ऋषिपंचमी: आपल्याकडे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते. त्याच दिवशी पश्चिम ओडिशात नुआखाई, म्हणजे नवं धान्य खाण्याचा सण असतो.
- पितृपक्ष: जपानमध्ये 'ओबोन'च्या दिवसांत पूर्वजांची आठवण काढतात. अनेक ठिकाणी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करून ठेवतात. घोड्यावरून पूर्वजांनी लवकर घरी यावं आणि परतताना गाईवरून सावकाश जावं, ही त्यामागची भावना.

दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते. शेजारी बिहारचं कुटुंब असेल तर मुलाला त्यांच्याकडे पाठवावं. मावळत्या सूर्यालाही अर्घ्य का देतात, ठेकुआ कसा करतात, हे त्या घरच्या काकूंइतकं चांगलं कुठलाही व्हिडिओ सांगणार नाही.

एका दिवसाची सहल

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातले, म्हणजे आजच्या म्यानमारमधले. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेल्या रोपांपासून वाढला. आणि बौद्ध परंपरेनुसार अनुराधपूरचं झाड सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने भारतातून नेलेल्या फांदीचं. म्हणजे भारतातून गेलेलं झाड दोन हजारांहून अधिक वर्षांनी परत आलं. पुढे कामठीला गेलं की जपानी मदतीतून १९९९ मध्ये उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार दिसतं. बुद्धाचा विचार इथून निघून कुठे कुठे पोहोचला, हे एका दिवसात दाखवता येतं.

काय टाळावं?

'चिनी लोक असेच असतात', 'आफ्रिकेत सगळे गरीब' अशी वाक्यं टाळावीत. आफ्रिका हा एक देश नसून पन्नासहून अधिक देशांचा खंड आहे. वेगळ्या जेवणाला 'शी' म्हणण्याऐवजी 'हे कशाचं करतात?' असं विचारायला शिकवावं. पालकांना उत्तर माहीत नसेल तर तसं सांगावं आणि मुलासोबत शोधावं.

सगळ्यात मोठा धडा मात्र पालकांच्या तोंडून जातो. घरात शेजाऱ्याचा उल्लेख नावाने होतो की 'तो बिहारी', 'तो बाहेरचा' असा, हे मुलं रोज ऐकतात. त्या घरातल्या मुलाला ती त्याच नावाने हाक मारतात.