शेतांतील किडे व शाळेंतील विज्ञान

जव्हार व मोखाडा ह्या डोंगराळ तालुक्यांतील शाळांत विज्ञान शिकवावयास साहित्य नाहीं, अशी तक्रार ऐकूं येते. सूक्ष्मदर्शक यंत्र, काचेचीं भांडीं, रसायनें हीं सर्वत्र पोंचत नाहींत हें खरें. परंतु मृग बरसला कीं भाताच्या खाचरांत, नागली-वरईच्या वरकस जमिनींत व शाळेच्या आवारांत जें जीवजंतूंचें संमेलन भरतें, तें पाहिलें म्हणजे साहित्य आपण होऊन दाराशीं आलें आहे असेंच म्हणावें लागतें.

ह्यांत ऋतूचा एक योग आहे, तो वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. दिवाळी उलटली म्हणजे ह्या भागांतील कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांच्या कामासाठीं भिवंडी-वसईकडे बिऱ्हाडासह जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अनेक मुलांची शाळा मध्येंच सुटते. म्हणजे मूल गांवांत असण्याचा काळ व किडे विपुल असण्याचा काळ एकच. जें कांहीं शिकवावयाचें, तें आषाढ ते आश्विन ह्या चार महिन्यांत शिकविणें प्राप्त आहे.

शाळेनें घराबाहेर पडावें ही कल्पना नवी नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्राचें काम आरंभिलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. गुरें राखणारीं आदिवासी मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें पाहून शाळाच त्यांच्यामागें कुरणांत नेण्यांत आली. तिला कुरणशाळा म्हणत. जी शाळा कुरणांत गेली, ती आमच्या बांधावर कां येऊं नये?

पहिला पाठ पायांचा. टोळ, मुंगी, भुंगा ह्यांस सहा पाय, कोळ्यास आठ, बांध पोखरणाऱ्या खेकड्यास नांग्या धरून दहा. ह्या सर्वांचे पाय सांध्यांचे व कवच अंगाबाहेर. म्हणून शास्त्रांत त्यांस एकत्रितपणें संधिपाद म्हणतात. खेकडे धरण्यांत तरबेज असलेल्या मुलास हें तोंडीं सांगूं नये, त्याच्याकडून मोजवून घ्यावें.

दुसरा पाठ शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा. खोडकिड्याची मादी भाताच्या पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालते व तो पुंजका पिवळट तपकिरी लवेनें झांकते. त्यांतून निघालेली अळी खोडांत शिरते. रोप लहान असतां त्याचा गाभा सुकतो. पीक पोटरींत आलें असतां ओंबी पांढरी व पोचट निघते. म्हणून लावणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावे, असा सल्ला देण्यांत येतो. त्या शेंड्यांवरील कांहीं पुंजके शाळेस द्यावे. मुलांनीं प्रत्येक पुंजका निराळ्या बाटलींत ठेवून तोंडास दाट विणीचें फडकें बांधावें व तारीख लिहून ठेवावी. सुमारें आठवड्यानें कांहीं बाटल्यांत काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या दिसतील. कांहींत मात्र तिळाहूनही लहान माशा निघण्याचा संभव आहे. ह्या गांधीलमाशीच्या कुळांतील. त्यांची मादी खोडकिड्याच्या अंड्यांत आपलें अंडें घालते व शत्रूचा जन्मापूर्वींच नाश करते. ट्रायकोग्रामा नांवाची माशी ह्यांपैकींच असून ती आतां मुद्दाम वाढवून कार्डांवरून शेतांत सोडतात. अळ्या मारून टाकाव्या. माशांची बाटली मात्र बांधावर उघडावी. सरसकट फवारणीनें शत्रूबरोबर मित्रही मरतो, ही गोष्ट व्याख्यानानें पटली नाहीं तरी मुलाच्या बाटलीनें पटेल.

तिसरा पाठ खुरासणीचा. कांहीं कळ्यांवर फुलण्यापूर्वीं पातळ कापडाची पिशवी बांधावी व शेजारचीं फुलें मोकळीं ठेवावीं. दाणे भरल्यावर दोहोंकडील दाणे मोजावे. खुरासणीस बहुतांशीं दुसऱ्या झाडाचे पराग लागतात व ते मधमाशा आणतात. म्हणून पिशवींतील फुलें पुष्कळशीं वांझ राहतात. मग सातेरी माशीचें पोळें जाळण्यापूर्वीं मूल दोनदां विचार करील, आणि बापही करील.

सावधगिरी इतकीच: दगड हातानें उलटूं नये, कारण खालीं विंचू असतो, गोम जिवंत धरूं नये, फवारणी केलेल्या शेतांत मुलांस मुळींच नेऊं नये.

ह्यास पैसा लागत नाहीं. जमीनवाल्याची संमति लागते. तेव्हां ज्यांच्या शाळेजवळ खाचर आहे, अशा आमच्या शेतकरी बंधूंनीं त्याचा एक कोपरा ह्या पावसाळ्यांत बिनफवारणीचा ठेवावा व मास्तरांस स्वतः जाऊन निमंत्रण द्यावें. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलाबरोबर पुस्तक जाईल कीं नाहीं, ह्याची शाश्वती नाहीं. परंतु पाहण्याची, मोजण्याची व ताडून घेण्याची जी संवय त्यास बांधावर लागली, ती त्याच्याबरोबर खचित जाईल.