गिअरबॉक्सचं तेल तापतं तेव्हा

चढावर गाडीचं इंजिन तापलं की आपण लगेच काट्याकडे बघतो. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाचं काय?

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये डेव्हिस धरणाजवळ सुमारे १८ किलोमीटरचा घाट आहे. पिकअप ट्रक किती वजन ओढू शकतो, हे ठरवताना मागे ट्रेलर जोडून, एसी चालू ठेवून, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानात या चढाची परीक्षा घेतात.

मग ही उष्णता येते कुठून? इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. ओझं जास्त आणि वेग कमी असला, की त्यातली दोन पंख्यांची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात. तेल घुसळलं जातं आणि तापतं.

साधारण ८० ते ९५ अंश ठीक. १२० च्या वर तेल फार वेळ राहिलं, तर ते काळपट पडतं, जळका वास येतो, सील कडक होतात. क्लच घसरू लागतात आणि घसरण्याने उष्णता आणखी वाढते. शेवटी अख्खा गिअरबॉक्सच उतरवावा लागतो.

म्हणून चढावर ‘टो-हॉल’ मोड लावा, खालचा गिअर वापरा, नेहमी ओझं ओढायचं असेल तर तेलाचा जादा कूलर बसवा.

आणि तेल तापलंच तर? सुरक्षित जागी थांबा, गाडी ‘पार्क’मध्ये टाका, पण इंजिन लगेच बंद करू नका! इंजिन चालू असेल तरच पंप तेल कूलरमधून फिरवतो. कारण कळलं, की नियम पाठ करावा लागत नाही.