दोन श्रेयांक आणि वीस बोंडे

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याने पातूरकडे निघालो की माती बदलत जाते. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन मागे राहते आणि डोंगरपायथ्याशी येईतो ती हलकी, मुरमाड होते. कधी एकाच वावरात दोन्ही सापडतात. वरच्या धुऱ्याकडे मुरूम आणि खाली नाल्याकडे गाळाची माती. कृषी पदवीला डिजिटल शेती कशी शिकवावी, या प्रश्नाकडे मी अशा वावरातून पाहतो.

हा विषय अभ्यासक्रमाला नवा नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने कृषी पदवीसाठी कृषी माहितीशास्त्र आणि भू-माहितीशास्त्र, नॅनो तंत्रज्ञान व अचूक शेती असे दोन विषय घातले. प्रत्येकाला दोन श्रेयांक. म्हणजे आठवड्याला एक तास व्याख्यान आणि दोन तास प्रात्यक्षिक. पुढे राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून परभणीच्या विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित यंत्रांच्या शेतीतील वापराचे केंद्र उभे राहिले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. यंत्रे येत आहेत, पैसाही येतो आहे. प्रश्न आहे तो यंत्राने दिलेला आकडा तपासायचा कसा, हे विद्यार्थी कुठे शिकणार याचा.

उपग्रह पीक कसे पाहतो, ते आधी समजून घेऊ. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचा एक निर्देशांक मिळतो. तो जितका मोठा, तितकी हिरवाई दाट. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची अशी चित्रे फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. एकराचे साधारण चाळीस ठिपके होतात. आपल्याकडे पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असतात. एकाच ठिपक्यात पऱ्हाटी, तूर आणि निंदायचे राहिलेले तण असे सगळे येते, आणि उपग्रहाच्या लेखी ते सगळे हिरवेच. शिवाय पावसाळ्यात ढग आडवे आले की आठवडेच्या आठवडे चित्रच मिळत नाही.

याहून मोठी मर्यादा २०१७ च्या हंगामाची आठवण करून देते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भातला बीटी कापूस पोखरला. ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून झाड हिरवेगार, बोंड धडधाकट. आत सरकी खाल्लेली. नकाशावर असे वावर उत्तम दिसू शकते. म्हणून तिच्यासाठीची शिफारस अगदी जुन्या वळणाची आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडतात का ते मोजा, एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडा. त्यातली दोन किडकी निघाली, तर दहा टक्क्यांची पातळी गाठली गेली.

मोजणी आणि संगणक यांचा मेळ आपल्याकडे पूर्वी बसलेला आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. कीड सर्वेक्षक ठरावीक शेतांत जाऊन अळ्या मोजत, आकडे संगणकावर चढत, कृषी विद्यापीठांतले तज्ज्ञ त्यावरून सल्ला देत आणि तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशाने पोहोचे. त्या साखळीचे पहिले टोक वावरात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होते.

असा माणूस घडवण्याची जागा अभ्यासक्रमात तयार आहे. शेवटच्या वर्षी खरिपात विद्यार्थी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येतात. बीजप्रक्रिया दाखवतात, गावाचा नकाशा काढतात. माझे म्हणणे इतकेच की, डिजिटल शेतीचे प्रात्यक्षिक संगणक कक्षापुरते न ठेवता या काळाला जोडावे. विद्यार्थ्याने उपग्रहाचा नकाशा घेऊन शेतकऱ्यासोबत वावरात उतरावे. नकाशात पिवळे दिसते तिथे मुरूम आहे, पाणी साचले आहे की रोग आहे, ते पाहावे. हिरवे दिसते तिथे बोंडे फोडावीत. नकाशा कुठे चुकला आणि का, ते लिहावे, आणि गुण त्या लिखाणाला मिळावेत.

यात विद्यापीठाचाही फायदा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता दिलेल्या उदाहरणांवरून शिकते. दुसरीकडच्या सपाट, एकपिकी शेतांवरून शिकलेले यंत्र पातूरच्या मुरमाडीवर, तुरीच्या ओळींत गोंधळणारच. दरवर्षी विद्यार्थ्यांनी गावोगाव केलेल्या नोंदी साठत गेल्या, तर त्याला शिकवायला वऱ्हाडची माहिती हाताशी असेल.

यंत्राचा सल्ला चुकला, तर एक फवारणी वाया जाते किंवा वेळेवर व्हायची ती राहून जाते. दोन्हींची किंमत शेतकरीच मोजतो. वीस बोंडे फोडायला मात्र अर्धा तास पुरतो.