प्रवेश परीक्षा नसलेल्या कॉलेजात खगोलशास्त्रज्ञ येतात तेव्हा

अमेरिकेतले शिक्षण म्हटले की आपल्या तरुणांना स्टॅनफर्ड आठवते. त्याच स्टॅनफर्डपासून काही मैलांवर, कॅलिफोर्नियातील लॉस अल्टोस हिल्स येथे फूटहिल कॉलेज आहे. हे कम्युनिटी कॉलेज. नावावरून एखाद्या समाजाने किंवा धर्माने चालवलेली संस्था वाटेल, पण तसे नाही. ही त्या भागाची सरकारी कॉलेजे. कॅलिफोर्नियात अशी शंभराहून अधिक आहेत. प्रवेश परीक्षा नाही, फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी, वयाची अडचण नाही. दिवसा नोकरी करणारे संध्याकाळी येऊन शिकतात, दोन वर्षांनी काही जण विद्यापीठात जातात. या कॉलेजांकडे 'दुय्यम' म्हणून बघणारे तिकडेही आहेतच.

अशा कॉलेजात 1999 पासून 'सिलिकॉन व्हॅली ॲस्ट्रॉनॉमी लेक्चर्स' ही खगोलशास्त्राची व्याख्यानमाला चालते. ती सुरू केली तेथे शिकवणारे प्राध्यापक अँड्र्यू फ्रॅकनॉय यांनी. ते लहानपणी हंगेरीतून अमेरिकेत आले; इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हे. नासाचे एम्स संशोधन केंद्र आणि सेटी इन्स्टिट्यूट यांनी या उपक्रमाला साथ दिली. व्याख्यान बुधवारी संध्याकाळी, कॉलेजच्या स्मिथविक नाट्यगृहात. तिकीट नाही. कोणीही यावे.

फुकट कार्यक्रम आपल्याकडेही भरपूर होतात. त्यामुळे 'मोफत' या शब्दावर थांबू नये. इथले खरे काम दोन गोष्टींत आहे. बोलणारा माणूस स्वतः संशोधन करणारा असतो, आणि त्याने ते गणिताच्या आड न लपता, साध्या भाषेत सांगायचे असते. प्लूटोचे ग्रहपद ज्यांच्या शोधामुळे गेले ते माइक ब्राउन इथे बोलले आहेत. फ्रँक ड्रेकही बोलले आहेत.

ड्रेक यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. आपल्या आकाशगंगेत आपल्याशी संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती असतील, यासाठी त्यांनी 1961 मध्ये एक समीकरण मांडले. दर वर्षी तारे किती जन्मतात, त्यांपैकी कितींना ग्रह असतात, कितींवर जीव निर्माण होतो, कितींवर बुद्धी येते, आणि अशी संस्कृती किती काळ टिकते. या साऱ्यांचा गुणाकार. सुरुवातीचे आकडे आज बरेचसे मोजता येतात, शेवटचे निव्वळ अंदाज आहेत. म्हणजे हे समीकरण उत्तर देण्यापेक्षा आपले अज्ञान नेमके कुठे आहे ते दाखवते. परग्रहावरच्या यानांचे व्हिडिओ फिरवणाऱ्या मित्राला एवढे समजावले तरी पुरे.

व्याख्यान संपले की श्रोत्यांचे प्रश्न. माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच. आपल्या व्याख्यानमालांमध्ये मान्यवरांचे सत्कार आणि प्रास्ताविक यांत तास जातो, मुख्य वक्ता उशिरा उभा राहतो आणि प्रश्नांची वेळ येते तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालेले असते. बुद्धांचा कालामांना दिलेला उपदेश आपण भाषणांत वारंवार सांगतो. श्रोत्याच्या हाती माइक मात्र क्वचित देतो.

फूटहिलची बरीच व्याख्याने यूट्यूबवर आहेत. शिवाय फ्रॅकनॉय यांनी डेव्हिड मॉरिसन व सिडनी वोल्फ यांच्यासह लिहिलेले 'ॲस्ट्रॉनॉमी' हे पाठ्यपुस्तक ओपनस्टॅक्सने 2016 मध्ये काढले, तेही इंटरनेटवर पूर्ण मोफत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एकट्याने बघू नका. वस्तीतल्या अभ्यासिकेत दहा जण बसा, विज्ञान शाखेच्या एखाद्या मुलीला बोलवा, दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवून तिला मराठीत सांगू द्या. ज्याचे उत्तर तिलाही येणार नाही ते प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा, पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात करा.